वाचकांचे प्रश्न : प्रचारातला खरा आकडा, खोटं वाक्य

प्रश्न : एका उमेदवाराची प्रचारपत्रकं मी लिहितो. 'विरोधकांच्या काळात बेरोजगारी 50 टक्क्यांनी वाढली' हे वाक्य वरून आलंय. आकडा खरा आहे म्हणतात. छापू का?

उत्तर : आहे तसं नको. दर 4 टक्क्यांवरून 6 वर गेला, तर वाढ 50 टक्के हे गणित चुकीचं नाही. पण पत्रक वाचणाऱ्याला वाटतं, निम्मी माणसं घरी बसली. प्रत्यक्षात काम करणाऱ्या वा शोधणाऱ्या दर 100 जणांत 4 बेकार होते, ते 6 झाले. तेच लिहा, टोचायला तेवढं पुरतं.

त्यानंतर सुरुवातीचं वर्ष बघा. खरी हातचलाखी तिथेच चालते. बेकारी तळाला होती ते वर्ष आधाराला धरलं की पुढचं प्रत्येक वर्ष वाईट दिसतं. म्हणून विरोधकाचा कार्यकाळ सुरू झाला तेव्हाचा दर आणि संपला तेव्हाचा दर घ्या, आणि हीच पट्टी आपल्या उमेदवाराच्या कार्यकाळाला लावा. तिथे अडचण होत असेल तर वाक्य गाळलेलं बरं. सोबत स्तंभालेख असेल तर उभा अक्ष शून्यापासून हवा. तो 3 पासून सुरू केला की 6 चा स्तंभ 4 च्या तिप्पट उंच दिसतो.

प्रत्येक दाव्यापुढे मूळ अहवालाचं नाव, पान आणि तारीख नोंदवा. ताडून पाहणारा माणूस लिहिणाऱ्याहून वेगळा असावा. बातमीचं कात्रण म्हणजे मूळ कागद नव्हे. 'अमक्याने योजनेच्या विरोधात मत दिलं' या वाक्याला तर विशेष जपा: एकाच विधेयकात दहा तरतुदी असतात आणि विरोध भलत्याच कलमाला असू शकतो.

प्रश्न : विरोधकाच्या भाषणातला तुकडा वापरायचाय. किती कापलेलं चालतं?

उत्तर : सेकंद मोजू नका, मागचं-पुढचं वाक्य ऐका. 'काही जण म्हणतात, अनुदान बंद करा. मला ते मान्य नाही,' यातले फक्त 'अनुदान बंद करा' हे शब्द उचलले, तर आवाज त्याचाच राहतो, मत मात्र दुसऱ्याचं त्याच्या तोंडी जातं. पूर्ण भाषणाची लिंक सोबत द्या.

प्रश्न : चुकीचा आकडा वाटून झालाय. गप्प बसावं, असं कार्यालयातले म्हणतात.

उत्तर : विरोधक गप्प बसणार नाहीत, एवढं त्यांना सांगा. चूक ज्या वाटेने गेली त्याच वाटेने दुरुस्ती जाऊ द्या: पत्रक घरोघर गेलं असेल तर दुरुस्तीही घरोघर. आधी बरोबर आकडा, मग 'आमच्या पत्रकात अमुक छापलं होतं, ते चूक' एवढं एकदाच, शेवटी पुन्हा बरोबर आकडा. चुकीचा आकडा मथळ्यात घेऊ नका. लोकांच्या डोक्यात तोच राहतो. पोस्ट गुपचूप उडवण्यापेक्षा तिच्यावरच ठळक दुरुस्ती टाका. आणि ग्रुपवरचा मेसेज 'सर्वांसाठी डिलीट' केला, तरी पुढे फॉरवर्ड झालेल्या प्रती तशाच फिरत राहतात; त्यामुळे दुरुस्तीचा मेसेज एकटा वाचला तरी कळेल असा लिहा.