जामीन राहिलो, आता सुटायचं कसं?

प्रश्न: मी डिचोली तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. 2024 च्या दिवाळीनंतर शेजारच्या मुलाला मारामारीच्या केसमध्ये 25,000 रुपयांचा जामीन राहिलो. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीचा सातबारा, माझाच जोडला. आता तो लागोपाठ दोन तारखांना गेला नाही आणि बोटीवर नोकरीला जायची खटपट करतोय. अमेरिकेतली पुतणी म्हणते, तिथे बाँड दरवर्षी पैसे भरून नवा करतात. मग माझा बाँड, म्हणजे मी सही केलेलं जामीनपत्र, वर्षाने आपोआप संपला का? आणि अंग काढून घेतलं तर त्याच्या आईला तोंड कसं दाखवू?

उत्तर: गुरुजी, बाँड संपलेला नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत धंदेवाईक जामीनदार फी घेऊन जामीन राहतात आणि केस लांबली की काहीजण वर्षाची फी पुन्हा घेतात. आपल्याकडे तो धंदाच नाही. ‘तुमचं नुकसान मी भरून देईन’ असा करार आरोपीने तुमच्याशी केला तरी कोर्ट तो मानत नाही. कोर्ट मोकळं करत नाही तोवर तुमची सही जिवंत आहे.

सुटायची वाट मात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 489 खाली जामीनदार केव्हाही कोर्टात अर्ज करू शकतो. कारण पटवत बसावं लागत नाही. पण अर्ज आला की कोर्ट त्या मुलावर वॉरंट काढतं. तो हजर झाला की तुमचा बाँड रद्द होतो आणि त्याला दुसरा जामीनदार आणायला सांगतात. नाही आणला तर त्याची रवानगी कोलवाळच्या तुरुंगात होऊ शकते.

म्हणून आधी त्याच्या घरी जा. मामा, काका, कुणीतरी उताऱ्यासह तयार ठेवा आणि मुलाला सोबत घेऊनच कोर्टात या. माणूस मिळत नसेल तर कोर्टाच्या परवानगीने रोख रक्कम भरता येते, कलम 490. बोटीचं म्हणाल तर जामिनाच्या आदेशाची नक्कल काढून वाचा. देश न सोडण्याची अट असेल तर परवानगीशिवाय तो जाऊच शकत नाही.

तो हजर झाला नाही म्हणून कोर्टाची नोटीस आली तर ती घरात ठेवू नका, हे पोटतिडकीने सांगते. वकिलीच्या सुरुवातीला एक आजोबा माझ्याकडे आले होते. पिशवीतून त्यांनी पाकीट काढलं, कडेला कोकमाचे डाग, चिकटवलेली बाजू तशीच. घाबरून चार महिने उघडलंच नव्हतं. आत ‘रक्कम का वसूल करू नये, कारण दाखवा’ एवढंच होतं. वेळेत आले असते तर काहीतरी सांगता आलं असतं. तोवर वसुलीचा आदेश निघाला होता. कारण दाखवलं तर कोर्ट बाँडच्या रकमेतला काही भाग माफ करू शकतं. भरलीच नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

राहिली त्याची आई. तुमचा अर्ज तिला पोलिसांकडून कळला तर ती दुखावेल. तुम्ही ओसरीवर बसून, तारखांची चिठ्ठी हातात देऊन सांगितलंत तर मुलाला कोर्टात आणायला तीच पुढे होईल, असा माझा अनुभव आहे. पुढच्या तारखेच्या आत जा.