आकडा पहिले सिनियरनं सांगू नये

भाऊ, 'दर स्प्रिंटला निम्म्या स्टोऱ्या पुढे जातात, प्रत्येक एस्टिमेटवर वीस टक्के बफर टाकू का?' हे तुमचं वाचलं आणि नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कातली माझी तीन वर्षं आठवली. (स्प्रिंट म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाचा काही आठवड्यांचा ठरलेला टप्पा, स्टोरी म्हणजे त्यातलं एक छोटं काम.) बफर आम्हीही टाकला होता. तोही खाल्ला जातो.

पॉइंट (स्टोरी किती मोठी याचा अंदाजी आकडा), व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये संपणारे पॉइंट) तुम्हाला माहीतच आहे. माझं घोडं दुसरीकडेच अडलं होतं. प्लॅनिंगमध्ये स्टोरी वाचून होत नाही तोच मी, टीमचा सगळ्यात जुना माणूस, बोलायचो, 'तीनच ना?' मग सगळ्यांचे तीन. रिफंडच्या एका स्टोरीचं असंच झालं. तिसऱ्या स्प्रिंटला कशीबशी संपली, डेमो दोनदा रद्द. नंतर टपरीवर चहा पिताना सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, 'सर, मी तेरा धरले होते. तो जुना कोड मी उघडून पाहिला होता. पण तुम्ही तीन म्हटलं ना.' ते तेरा त्याच दिवशी ऐकले असते तर स्टोरी तोडून घेतली असती. ही गोष्ट मला अजून टोचते.

जेम्स ग्रेनिंगनं 2002 मध्ये प्लॅनिंग पोकर मांडला, म्हणजे पत्त्यांवर अंदाज लावायची पद्धत. त्यात आपापल्या आकड्याचे पत्ते सगळ्यांनी एकदम उलटायचे असतात, आणि हा नियम तर अजिबात सोडू नका. एकाचे तीन नि एकाचे तेरा आले तर सरासरी काढून आठ लिहू नका. तेरावाल्याला पहिले बोलू द्या, त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

दुसरा त्रास मुख्य ऑफिसचा. त्यांनी एक पॉइंट म्हणजे सहा तास असा तक्ताच करून ठेवला होता. पोरं घाबरून आकडे फुगवायची. तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. स्प्रिंटनं काम करायच्या स्क्रम पद्धतीची अधिकृत पुस्तिका म्हणजे स्क्रम गाइड; तिनं 2011 मध्येच स्प्रिंटच्या कामासाठी 'कमिटमेंट' (वचन) काढून 'फोरकास्ट' (अंदाज) शब्द घेतला, तरी आमच्याकडे अंदाज चुकला की जाब द्यावा लागायचा. तुमच्याकडे असा तक्ता असेल तर पहिले तो बंद करायला लावा.

आमची टीम सात जणांची, एकाच खोलीत बसणारी. घरून काम करणाऱ्या टीमचं मी छातीठोकपणे सांगत नाही.

आणि हो, पोळा, तान्हा पोळा, मारबत हे दिवस क्लायंटच्या कॅलेंडरात नसतात. त्या आठवड्याचे माणूस-दिवस आधीच वजा करा. आमची ऑगस्टची एक रिलीज तिथंच अडकली होती.