रूटने चालतं, बूटला अडतं
प्रश्न: सर, लॅबमध्ये डेबियन लिनक्सवर ओपनएलडॅप (युजरच्या नोंदी ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर) टाकलंय, मशीन बूट झालं की त्याचा सर्व्हर प्रोग्रॅम स्लॅपडी चालू होतो पण केर्बेरॉसने (ओळख पटवणारी सिस्टिम) लॉगिन होत नाही, हाताने रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवला की सगळं नीट. काय चुकतंय?

उत्तर: रूटने चालतंय ना, मग बहुतेक परमिशनचं आहे. स्टार्टअप स्क्रिप्ट स्लॅपडीला ओपनएलडॅप युजरखाली चालवते आणि नेहमीची कीटॅब (केर्बेरॉसच्या किल्ल्यांची फाइल) फक्त रूटलाच वाचता येते. ती सगळ्यांना उघडी करू नका प्लीज, त्यात होस्टची किल्ली असते! एलडॅपची वेगळी कीटॅब काढा, मालकी ओपनएलडॅपला, मोड ६०० (म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल), आणि ईटीसी/डिफॉल्ट/स्लॅपडी फाइलमध्ये केआरबी५_केटीनेमच्या (कीटॅब कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) ओळीपुढचा हॅश (#) काढून नवा पाथ टाका, एक्सपोर्ट शब्द राहू द्या, नाहीतर ते स्लॅपडीपर्यंत पोचतच नाही. मग रीस्टार्ट. तरी अडलं तर मशीन्सची घड्याळं जुळतात का बघा, त्यांच्यात ५ मिनिटांच्या वर फरक केर्बेरॉस सहसा चालवून घेत नाही.