कोडमधल्या कमेंटसाठी वेगळा तिरपा मोनोस्पेस फॉन्ट खरंच लागतो का?

तुमचा प्रश्न असा, की कोडमधल्या कमेंटसाठी, म्हणजे माणसांनी वाचायच्या टिपांसाठी, सरळ अक्षर सॉफ्टवेअरच वाकडं करून देतं, मग सॅन्स-सेरिफ (अक्षरांच्या टोकांना पट्ट्या नसलेल्या) मोनोस्पेस फॉन्टचा तिरपा अवतार वेगळा कशाला काढायचा? अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचणं हेच माझं काम आहे, त्यावरून सांगतो: लागतो, पण थोड्याच ठिकाणी.

मोनोस्पेसमध्ये प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. स्मॉल एम लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखा अंग चोरतो, तर आयच्या पायाशी आडवी पट्टी देऊन जागा भरावी लागते (सॅन्स-सेरिफ म्हणवून घेणाऱ्या फॉन्टमध्येसुद्धा!). ठळक करायला जावं तर एमच्या तीन दांड्यांमधली फट बुजते. तिरपं करताना ती अडचण येत नाही. कमेंट वेगळी उठून दिसते आणि कॉलम जागचे हलत नाहीत. साध्या टाइपरायटरवर ही सोय नव्हती, म्हणून गोदरेजच्या मशीनवरच्या जुन्या कागदांत जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ ओढलेली दिसते. आयबीएमच्या १९६१ च्या सिलेक्ट्रिकमध्ये अक्षरांचा गोळाच बदलता यायचा, त्यात तिरप्या अक्षरांचाही मिळायचा.

आता सॉफ्टवेअरच्या वाकडेपणाबद्दल. ते अक्षर नुसतं एका बाजूला ढकलतं. ओ मोठा करून बघा: वरची उजवी आणि खालची डावी बाजू जाड झालेली असते, उरलेल्या दोन बारीक. फिरा कोड या कोडिंगच्या फॉन्टला स्वतःचं इटॅलिक, म्हणजे तिरपं रूप, नाही, त्यामुळे त्यात तिरपं दिसतं ते बहुतेक वेळा असंच ढकललेलं. डिझायनरने काढलेल्या तिरप्यात ही जाडी हाताने सावरलेली असते. काही फॉन्टमध्ये तर स्मॉल ए आणि एफचा आकारच वेगळा काढतात.

कोनही महत्त्वाचा. जेटब्रेन्स मोनो या फॉन्टचा ९ अंश आहे. रिकर्सिव्ह या फॉन्टमध्ये ० ते १५ अंशांपर्यंत हवा तेवढा ठेवता येतो. माझ्या मते दहाच्या पुढे जाऊच नये. एफ आणि डीची शेंडी शेजारच्या घरात घुसते आणि काही टर्मिनल (कमांड टाइप करायच्या खिडक्या) ती सरळ छाटून टाकतात. ऑफिसातल्या जुन्या मॉनिटरवर, लहान आकारात, तिरप्या दांड्यांना पायऱ्याही पडतात. अख्खी फाइल तिरपी करणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं, पण त्यांचा कोड वाचायला मी बसणार नाही.

मराठीत कमेंट लिहीत असाल तर मात्र तिरपं बंदच करा. कोडिंगच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते, मग सिस्टिम दुसराच फॉन्ट उचलते आणि त्याला वाकवते. शिरोरेषा आडवीच राहते, काना तेवढा कलतो, आणि जोडाक्षरं ठरलेल्या घरात मावत नाहीत ते वेगळंच. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या सेटिंगमध्ये कमेंटची फॉन्ट-स्टाइल रिकामी ठेवली की तिरपेपणा जातो, रंग तसाच राहतो.