कारखान्यातले प्रश्न : रात्रीच्या पाळीत माल थांबवायचा कोणी?

प्रश्न : नमस्कार मॅडम. बुटीबोरीच्या एका कंपनीत मी क्वालिटी मॅनेजर आहे. आम्ही जड वाहनांच्या गिअरबॉक्ससाठी शाफ्ट बनवतो. आता कंपनी मला क्वालिटी डायरेक्टर करते आहे. पगार वाढेल, केबिन मिळेल, पण मन धजत नाही. महिनाअखेरीला प्लांट हेड रात्री थेट इन्स्पेक्टरला फोन करतात आणि अडवलेला माल सोडायला लावतात. मी आडवा गेलो तर डिस्पॅच अडवणारा म्हणून बदनाम होतो आणि गप्प बसलो तर ग्राहकाची तक्रार माझ्याच टेबलावर येते. त्यातच गेल्या मे महिन्यात पुण्याकडच्या ग्राहकाने ८० मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट माप कमी म्हणून परत पाठवले. आमच्या रिपोर्टमध्ये सगळे नग बरोबर होते. प्लांट हेड म्हणतात, तुमच्या मोजमापावर भरवसा कसा ठेवायचा? हे पद घेऊ का?
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : भाऊ, पद घ्या. पण आधी शाफ्टचं बघू. प्लांट हेडच्या त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल तर नव्या खुर्चीतही तुमच्या शब्दाला वजन येणार नाही.

माल मे महिन्यातला आहे आणि माप कमी भरलं आहे, म्हणून माझा पहिला संशय तापमानावर. लांबी-रुंदीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, हे आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीने १९३१ मध्येच ठरवलं. ड्रॉइंगवरचं माप त्याच तापमानाचं असतं. नवतपात आपल्याकडे शेडमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ग्राइंडिंगवरून उतरलेला जॉब, म्हणजे घासून काढलेला नग, हाताला गरम लागतो, आणि गेज (मोजायचं साधन) व मास्टर (ज्यावर गेज जुळवतात तो प्रमाण नग) मात्र एसीच्या खोलीतून नुकतेच आणलेले असतात. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. जॉब आणि गेज यांच्यात २० अंशांचा फरक असेल, तर ८० मिलिमीटरवर १८ मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. तुमच्या ड्रॉइंगवर एच-६ टॉलरन्स असेल तर माप जेवढं कमी-जास्त चालतं तो पट्टाच सगळा १९ मायक्रॉनचा आहे. गरम जॉब मोठा दिसतो, ऑपरेटर अजून थोडा घासतो, रिपोर्टवर माप बरोबर येतं. तोच शाफ्ट ग्राहकाच्या थंड लॅबमध्ये कमी भरतो. कोणी खोटं लिहिलेलं नसतं.

खात्री एका दिवसात होईल. परत आलेला एक शाफ्ट रात्रभर गेज रूममध्ये ठेवा आणि सकाळी मोजा. मशीनवरून उतरलेला ताजा जॉब लगेच मोजा, नंतर पूर्ण निवल्यावर त्याच गेजने, त्याच माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. फरक दिसला तर इलाज महागडा नाही. मास्टर मशीनपाशी, जॉबच्याच तापमानाला ठेवायचा आणि गेज त्यावर वरचेवर सेट करायचा. निकाल देण्याआधी जॉब निवू द्यायचा आणि रिपोर्टवर तापमानाचा रकाना घालायचा. फरक दिसला नाही, तर गेजचा आर अँड आर अभ्यास करा, म्हणजे तेच नग वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा पुन्हा मोजून माप किती बदलतं ते बघा. त्यात चढउतार १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, ३० च्या वर गेला तर त्या गेजवर कुठलाही निर्णय घेऊ नका.

गेज रूममध्ये एसी बंद पडला म्हणून कूलर बसवला असेल, तर तो आजच काढा. वाळ्याच्या ताट्यांचा गारवा माणसाला बरा वाटतो, पण त्या ओल्या हवेत स्लिप गेजवर (बाकी गेज ज्यावरून तपासतात त्या पोलादी प्रमाण ठोकळ्यांवर) गंज धरतो आणि कंपनीचं प्रमाणच बिघडतं. हिंगण्याला आणि कळमेश्वरला मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता रात्रीच्या फोनचं. तुम्ही वाहन उद्योगाला माल देता, म्हणजे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक आयएटीएफ १६९४९ तुम्हाला बहुतेक लागू असेल. त्यातलं कलम ५.३.२ काढून वाचा. मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना डिस्पॅच आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार हवा, आणि प्रत्येक पाळीत अशी जबाबदारी असलेलं माणूस हजर हवं, असं तिथे स्पष्ट आहे. मापाबाहेरचा माल पाठवायचा तर ग्राहकाची आधी परवानगी लागते. ती देण्याचा अधिकार प्लांट हेडला नाही, तुम्हाला नाही आणि एमडींनाही नाही. आयएसओ ९००१ तर माल कोणी सोडला त्याची नोंद मागतं. थोडक्यात, तुम्ही ज्याच्यासाठी भांडणार आहात ते तुमच्या कंपनीने प्रमाणपत्र घेताना मान्य केलेलंच आहे. फक्त रात्री दोन वाजता ते कोणाला आठवत नाही.

म्हणून हे रात्री दोनला ठरवायचंच नाही. महिन्याच्या दहा तारखेला, कोणाच्याही डोक्यावर ट्रक उभा नसताना, एमडी, प्लांट हेड आणि तुम्ही एका टेबलावर बसा आणि एक पान लिहा. अडवलेला माल कोण सोडू शकतो, कोणाच्या सहीने, ग्राहकाची परवानगी कोण मागणार, रात्री फोन कोणाला करायचा. इन्स्पेक्टरला कोणीही थेट फोन करायचा नाही, तो फोन तुम्हाला यायला हवा. या पानावर तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पदाचं पत्र घेऊ नका. आणखी दोन गोष्टी त्याच बैठकीत विचारा. तुम्ही प्लांट हेडच्या हाताखाली की थेट एमडींच्या? आणि तुमचा वार्षिक इन्सेंटिव्ह डिस्पॅचच्या आकड्यावर बांधलेला आहे का? असेल तर नम्रपणे बदलून मागा. ज्याच्या घरचा पैसा ट्रक निघण्यावर अवलंबून आहे, त्याने तो ट्रक थांबवावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. डायरेक्टरच्या सहीवर माल थांबतो खरा, पण दोष पहिल्यांदा दिसतो तो इन्स्पेक्टरला. त्याने माल अडवायचा लाल टॅग लावल्यावर पुढे त्या इन्स्पेक्टरचं काय होतं, यावर सगळं चालतं. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात असताना तिसऱ्या पाळीतल्या मुलीने एका ट्रॉलीला टॅग लावला. थ्रेडवर बारीक ओरखडे होते. सुपरवायझर म्हणाला, “साहेब सांगून राहिले ना, सोडून दे.” ती म्हणाली, “साहेबांना कागदावर लिहून द्यायला सांगा, मी लगेच सोडते.” कागद आला नाही, ट्रॉली थांबली. सकाळच्या मीटिंगमध्ये आवाज चढले, तेव्हा मी तो नग आणि भिंग टेबलावर ठेवलं आणि प्रत्येकाला स्वतः बघायला लावलं. चर्चा नगावर झाली. तिचं नाव निघालं ते आभार मानताना, आणि तेही प्लांट हेडच्या तोंडून. त्यानंतर त्या शॉपमध्ये टॅग वाढले. पहिल्या महिन्यात आकडे वाईट दिसले, कारण जे आधी गुपचूप जात होतं ते आता दिसू लागलं. अशा महिन्यात एमडींसमोर उभं राहून हे आकडे का वाढले ते सांगणं, हे तुमचं काम. इन्स्पेक्टरवर ते येऊ देऊ नका.

प्लांट हेडला शत्रू समजू नका. त्याला वरून टनाचा आकडा विचारतात, पीपीएम, म्हणजे दहा लाख नगांत खराब किती, हे कोणी विचारत नाही. गेल्या वर्षाचा दिवसवार डिस्पॅच काढा आणि त्याच्यासोबत बसून बघा. अर्धा माल शेवटच्या आठवड्यात जात असेल तर दुखणं प्लॅनिंगचं आहे, तिथे तुम्ही दोघं एका बाजूचे आहात. ग्राहकाच्या दारात लावलेलं सॉर्टिंग (चांगले-वाईट नग निवडणं), ग्राहकाने पैसे कापल्याची डेबिट नोट, विमानाने पाठवलेला बदली माल, याचा खर्च आजवर तुमच्या विभागात दडला असेल. तो दर महिन्याला रुपयांत मांडा. रुपयांची भाषा प्लांट हेडला लगेच कळते.

आणि एट-डी रिपोर्टमध्ये (ग्राहकाच्या तक्रारीवर आठ पायऱ्यांत लिहायच्या रिपोर्टमध्ये) उपाय म्हणून ‘ऑपरेटरला समज दिली’ असं वाक्य आलं की रिपोर्ट परत पाठवायचा. डायरेक्टर म्हणून पहिल्याच आठवड्यात हे सुरू करा.

प्रश्न : माझ्या मुलीने मेकॅनिकल डिप्लोमा केला. तिला क्वालिटी विभागात नोकरी मिळते आहे. नात्यातले म्हणतात, पुढे जायचं तर प्रॉडक्शनच. काय करावं?
– एक आई, हिंगणा रोड

उत्तर : ताई, मुलीला जाऊ द्या. फक्त तिला सांगा की पहिल्या दोन वर्षांत गेज घेऊन टेबलापाशी बसायचं नाही, मशीनपाशी उभं राहायचं. टूल कधी बदलतात, कूलंट किती घट्ट झालंय, सेटिंगला पहिला जॉब कसा निघतो, हे ऑपरेटरकडून शिकायचं. ड्रॉइंगवरची भौमितिक टॉलरन्सची (नगाचा आकार किती सरळ, किती गोल हवा, याची) चिन्हं पक्की वाचता यायला हवीत, ती भल्याभल्या इंजिनिअरांना येत नाहीत. कंट्रोल चार्ट (मापं कशी सरकतात ते दाखवणारा आलेख) हाताने कागदावर काढून बघावा, सॉफ्टवेअर नंतर. पाळ्या रात्रीच्या असतील, तर कंपनीची बस घरापर्यंत येते का हे नेमणूकपत्र घेण्याआधी तुम्ही स्वतः विचारून घ्या.