जुनी नाणी ऑनलाइन विकताना त्रास देणाऱ्या गिऱ्हाइकांना कसं सांभाळता?

सगळ्यांना सांभाळायचं नसतं. काहींना सरळ नाही म्हणायचं असतं. मी ते एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, वाया घालवून शिकलो.

चार वर्षांपूर्वी ती १८०० रुपयांना विकली होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', त्यातला 'ति' अर्धा नाण्याबाहेर. ही नाणी हातोड्याने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अक्षरं कुठेतरी कापली जातातच, आणि म्हणूनच दोन शिवराया सारख्या सापडत नाहीत. रंग जुन्या सागवानासारखा गडद, एकसारखा.

नवव्या दिवशी फोन आला. "तुम्ही फोटोत दाखवलेलं नाणं हे नाही. हे नवीन पाडलेलं आहे. पैसे परत करा, नाहीतर सगळ्या ग्रुपवर तुमचं नाव टाकतो." मी फोटो मागवला. नाणं देवघरातल्या घासलेल्या तांब्यासारखं गुलाबी झालेलं, आणि 'छ'च्या खाचेत चिंचेची एक काळी शीर अडकलेली! दोन-अडीचशे वर्षांत चढलेला थर चिंचेच्या आंबटाने पाच मिनिटांत उतरतो. तो गेला की शिवराईची निम्मी किंमत गेली.

माझ्याकडे पाठवण्याआधीचा फोटो होता. तोच अर्धा 'ति', कडेला तीच चीर. मी अडून बसायला हवं होतं. पण माझ्या थोरल्या भावाचं किराणा दुकान आहे. तो म्हणाला, "गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, देऊन टाक." मी दिले. पुढच्या दोन महिन्यांत त्या गिऱ्हाइकाच्याच नाण्यांच्या ग्रुपमधल्या आणखी दोघांनी घासलेली नाणी परत पाठवली. याच्याकडून पैसे परत मिळतात, हे तिथे पसरलं होतं. आणि दादा स्वतः फोडलेलं तेलाचं पाकीट परत घेतो का? नाही घेत. मग मी घासलेलं नाणं का घ्यावं?

तेव्हापासून प्रत्येक नाण्याचा फोटो काट्यावर ठेवून काढतो, वजनाचा आकडा दिसेल असा. दोन्ही बाजू आणि कड वेगळी. पाकीट बंद करतानाचा व्हिडिओही. आणि विक्रीच्या मजकुरात पहिलीच ओळ: धुतलेलं, घासलेलं नाणं परत घेतलं जाणार नाही. ही ओळ वाचून जो चिडतो त्याला मी विकतच नाही.

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं असा मेसेज पाठवून 'तुम्ही किती देता' विचारणाऱ्यांवर वेळ घालवू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कमिशन मागत नाही. जुनं नाणं माझ्या मुलाकडे अमेरिकेत पाठवा म्हणणाऱ्यांनाही नाही म्हणा. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी.

एक मात्र सांगायलाच हवं. तक्रार करणारा प्रत्येक जण खोटा नसतो. मी एकदा १९३९ चा चांदीचा रुपया विकला होता. तो दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या नाण्यातला आठ कोरून नऊ करणारे फार. एका गृहस्थांनी भिंगातून काढलेला फोटो पाठवला, नऊच्या खालच्या भागावर कोरल्याचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. चूक माझी होती, मी तारीख नीट तपासली नव्हती. त्याच संध्याकाळी कुरिअरच्या खर्चासकट पैसे पाठवले. ते आजही माझ्याकडून नाणी घेतात. दादा हेच उदाहरण देऊन म्हणतो, बघ, मी सांगत होतो. पण त्या गृहस्थांनी रुपया जसा गेला तसाच परत पाठवला होता.