तलाव रिकामा होऊ देऊ नका

दादा, तुमच्या भागातला पोहण्याचा तलाव पैशाअभावी १ एप्रिलपासून ‘तात्पुरता’ बंद करायचं घाटतंय, तर सह्या गोळा कराव्यात की मोर्चा न्यावा, असं तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं बायकांच्या बॅचला पोहायला शिकवलं आणि एक तलाव डोळ्यांसमोर मरताना पाहिला. म्हणून सांगते, सह्याही घ्या, मोर्चाही न्या, पण सगळ्यात आधी तलावातलं पाणी सोडू देऊ नका.

आम्ही तिथेच फसलो. उन्हाळ्याच्या तोंडावर डागडुजीसाठी म्हणून तलाव रिकामा केला आणि आम्ही मान डोलावली. भरलेल्या तलावात पाण्याचा भार आतून भिंतींना आणि तळाला आधार देत असतो. तो गेला. एप्रिल-मेच्या उन्हात फरशा तापून सुटल्या. पावसाळ्यात आपली काळी माती फुगली, बाहेरून दाब आला आणि खोल बाजूच्या भिंतीला भेग पडली. जे काम फिल्टरची वाळू बदलण्याचं होतं, ते भिंत बांधण्याचं झालं. मग तेवढे पैसे कुणाकडेच नव्हते. लहानांच्या बॅचमधली माझी चाळीस मुलं त्या वर्षी घरी बसली. काही विहिरींवर गेली, पाठीला डबा बांधून, शिकवणारं कुणी नसताना. त्या उन्हाळ्यात मला रात्रीची झोप लागत नव्हती.

आता तुम्हाला पहिला प्रश्न पाण्याचाच येणार. उजनी धरणाचं पाणी एवढ्या लांबून येतं, नळाला चार-चार, पाच-पाच दिवस थेंब नसतो आणि तुम्हाला पोहायला पाणी हवं? हा प्रश्न रास्त आहे, त्यावर चिडू नका. हिशेब पुढे ठेवा. तलाव २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरला तर त्यात साडेचार लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ४५ टँकर. पण फिल्टर चालू असेल तर हे पाणी रोज बदलावं लागत नाही. कडक उन्हात दिवसाला ८ मिलिमीटर वाफ झाली असं धरा, तर २,४०० लिटर जातात. आठवड्यातून दोनदा बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायला, दर खेपेला पाच-सहा हजार लिटर. सगळं मिळून आठवड्याला साधारण तीन टँकर. तेही बोअरचं चालतं, पिण्याचं लागत नाही. बॅकवॉशचं पाणी एक-दोन दिवस साठवून क्लोरीन उडाल्यावर बागेला देता येतं. उलट आज रिकामा करून पुढे भरायचा म्हटलं, तर एका झटक्यात ४५ टँकर लागतील.

गळती आहे का, तेही स्वतः तपासा, कारण बंद करण्याचं पुढचं कारण बहुधा तेच असेल. सुट्टीच्या दिवशी पंप बंद ठेवून पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा. बादलीतली आणि तलावातली पातळी खडूने आखा, चोवीस तासांनी पुन्हा बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ती वाफ. तलावाचं जास्त उतरलं तर गळती. एक सेंटीमीटर जास्त म्हणजे रोज तीन हजार लिटर जमिनीत.

पैशाची बाजू मात्र नीट समजून घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. पोहण्याचा तलाव ऐच्छिकात मोडतो, म्हणून काटछाटीत त्याचा नंबर लवकर लागतो. ‘हा आमचा हक्क आहे’ एवढ्यावर तो वाचत नाही, अंदाजपत्रकात त्याच्या लेखाशीर्षात, म्हणजे त्याच्या नावाच्या खर्चाच्या खात्यात, तरतूद राहावी लागते. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये आकार घेतं, तेव्हा मार्चअखेरचा मोर्चा उशिराचा ठरतो. आजच माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. गेल्या तीन वर्षांची तरतूद, प्रत्यक्ष खर्च, वीजबिल आणि पासची वसुली मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.

आमदार निधीतून होईल, असं कुणी म्हणेल. त्यातून फरशी होते, पंप येतो. जीवरक्षकाचा पगार, वीज, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर यांना तो पैसा चालत नाही, आणि तलाव बंद पडतात ते या रोजच्या खर्चापायी. कंपन्यांचा सीएसआर म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी खेळाच्या प्रशिक्षणाला मिळू शकतो, पण तो एका वर्षाला आला म्हणून दुसऱ्या वर्षी येईलच असं नाही. त्यावर पगार टांगू नका.

मक्त्याने देण्याला मी सरसकट विरोध करणार नाही. बंद तलावापेक्षा मक्त्याचा चालता तलाव बरा. पण अटी करारात आल्याच पाहिजेत: मुलांचा पास किती रुपयांचा, प्रत्येक बॅचला किती जीवरक्षक, पाणी तपासल्याची रोजची नोंद दारावर लावायची. आणि बायकांची बॅच. ती दुपारी दोनच्या उन्हात ढकलली की आपोआप ओस पडते आणि मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणून काढून टाकतात. माझ्याकडे विड्या वळणाऱ्या बाया यायच्या. दिवसभर मांडी घालून बसून गुडघे धरलेले, पाण्यात तासभर चालून त्यांना जरा हलकं वाटायचं. साठीची एक मावशी तीन महिन्यांत पाण्यावर तरंगायला शिकली, तेव्हा अख्खी बॅच काठावर रडत होती. अशा बायकांना निवेदन द्यायला पुढे न्या, त्यांना बोलू द्या.

या रविवारी बादली आणि खडू घेऊन पहाटे सहाला तलावावर या. मी येते. सोबत पंपावरच्या दादांनाही बोलवा. तलाव कुठे गळतो, हे कागदापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.